गोळी, काच आणि शंकूसारखी भेग: ठिसूळ पदार्थांतील तड्यांचे गणित संगणकावर कसे मांडतात

जाड काचेच्या सपाट तुकड्यावर पोलादाची गुळगुळीत गोळी ठेवावी आणि तिच्यावरचा भार हळूहळू वाढवत न्यावा. बराच वेळ काहीच घडताना दिसत नाही. मग एका क्षणी बारीकसा ‘टक्’ असा आवाज येतो, आणि गोळी उचलून पाहिली तर ती जिथे टेकली होती त्या जागेभोवती एक नाजूक वर्तुळ उमटलेले असते. काच उजेडात तिरकी धरून कडेने आत पाहिले, की हे वर्तुळ म्हणजे आतवर गेलेल्या एका भेगेचे तोंड आहे हे ध्यानात येते. ही भेग वर अरुंद आणि खाली रुंद होत जाते, उपड्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखी. तिच्या दोन बाजूंमधली फट प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तोडीची सूक्ष्म असल्यामुळे तिच्यावर रंगांचे पट्टे खेळताना दिसतात. विशेष म्हणजे गोळीच्या थेट खाली, जिथे काच सर्वांत जास्त दाबली गेली, तिथे मात्र एकही तडा नसतो.

ही भेग तिथेच का सुरू झाली, ती नेमकी त्याच कोनात का पसरली आणि तेवढ्यावरच का थांबली, हे संगणकाकडून वदवून घेणे वाटते त्यापेक्षा खूप अवघड आहे. याचे कारण पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे, म्हणून ते आधीच सांगतो: भेग ज्या बलांमुळे वाढते, तीच बले ती वाढता वाढता बदलून टाकते. त्यामुळे अभंग काचेचे गणित एकदा करून त्यावरून भेगेची वाट आखता येत नाही. प्रत्येक पावलानंतर सगळा हिशेब नव्याने करावा लागतो.

सुरुवात अभंग काचेपासूनच करू. दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय होते, याचे गणित हाइन्रिश हर्ट्झ यांनी १८८१ मध्ये बर्लिनमध्ये मांडले, तेव्हा ते अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. गोळी आणि काच यांचा संपर्क एका बिंदूत राहत नाही. दोन्ही पदार्थ किंचित चेपले जातात आणि एक लहानसे संपर्कवर्तुळ तयार होते. या वर्तुळाची त्रिज्या भाराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्रिज्या दुप्पट व्हायला भार आठपट लागतो. एक उदाहरण घेऊ. ५ मिलिमीटर त्रिज्येची पोलादी गोळी सामान्य काचेवर १,००० न्यूटन, म्हणजे सुमारे शंभर किलो वजनाइतक्या भाराने दाबली, तर संपर्कवर्तुळाची त्रिज्या जेमतेम ०.४१ मिलिमीटर भरते. एवढ्याशा जागेवर एवढा भार आल्यामुळे सरासरी दाब १.९ गिगापास्कलच्या, म्हणजे १,९०० मेगापास्कलच्या घरात जातो.

एकक क्षेत्रफळावर पदार्थाच्या आत जे बल काम करते त्याला प्रतिबल म्हणतात. ते पदार्थ चेपत असेल तर आपण त्याला दाब म्हणू आणि ओढत असेल तर ताण म्हणू. ठिसूळ पदार्थांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण ते दाब भरपूर सोसतात आणि ताणाला मात्र लवकर हार खातात. गोळीखालची काच चहूबाजूंनी कोंडलेली असते, त्यामुळे तिथे जवळजवळ सगळा दाबच असतो. संपर्कवर्तुळाच्या काठाबाहेर मात्र पृष्ठभागावरची काच केंद्राच्या दिशेने ओढली जाते आणि तिथे ताणाचे एक अरुंद कडे तयार होते. काचेचे प्वासाँ गुणोत्तर (पदार्थ एका दिशेने ताणला असता तो आडव्या दिशेने किती आकसतो याचे माप) ०.२२ धरले, तर घर्षण नाही असे मानून हा ताण सरासरी दाबाच्या ०.२८ पट येतो. आपल्या उदाहरणात तो सुमारे ५४० मेगापास्कल होतो. तडा गोळीखाली न पडता काठाशी का पडतो, याचे उत्तर इथवरच्या गणितातून मिळाले.

पण इथेच पहिला पेच पडतो. हीच काच पट्टीसारखी वाकवली तर काही दशक मेगापास्कल ताणालाच ती मोडते. मग गोळीच्या काठाशी ती याच्या कितीतरी पट ताण सोसून अभंग कशी राहते? ‘ताण अमुक मर्यादेपलीकडे गेला की पदार्थ मोडतो’ हा साधा नियम संपर्काच्या प्रश्नाला लागू पडत नाही. सिम्युलेशनमध्ये सर्वांत वाईट चूक कोणती होत असेल, तर माझ्या मते हा नियम डोळे झाकून वापरण्याची.

या पेचातून सुटण्याची वाट ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात दाखवली. प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आणि सूक्ष्म चिरा असतातच. चीर वाढली तर तिच्याभोवतीची ताणलेली काच थोडी सैल पडते आणि साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा मोकळी होते. दुसऱ्या बाजूने, भेगेच्या दोन नव्या पृष्ठभागांसाठी ऊर्जा खर्च करावी लागते. मोकळी होणारी ऊर्जा या खर्चाला पुरली तरच भेग पुढे सरकते. सामान्य काचेत हा खर्च दर चौरस मीटर भेगेला ७ ते ८ जूल इतका, म्हणजे अगदी किरकोळ आहे. आता गोळीच्या काठाशी पुन्हा पाहा. तिथला ताण पृष्ठभागावर प्रचंड आहे खरा, पण आत उतरावे तसा तो फार वेगाने ओसरतो. संपर्कत्रिज्येच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ४० मायक्रोमीटर, खाली गेलो तरी त्यातला फार थोडा भाग उरतो. वाकवलेल्या पट्टीतल्या चिरेच्या टोकापर्यंत ताण जवळजवळ तसाच पोहोचतो, तर गोळीच्या काठाशी असलेल्या चिरेचे टोक मात्र ताण विरळ झालेल्या जागेत असते. म्हणून वाढायला लागणारी ऊर्जा तिला मिळत नाही.

संगणकावर हे मांडण्याची नेहमीची रीत म्हणजे फायनाइट एलिमेंट पद्धत. काचेच्या ठोकळ्याचे हजारो किंवा लाखो छोट्या तुकड्यांत, म्हणजे घटकांत, विभाजन करून एक जाळी विणली जाते. जाळीच्या प्रत्येक गाठीचे विस्थापन हे अज्ञात मानायचे आणि सर्व गाठींवर बलांचा समतोल राहील असे समीकरणांचे भले मोठे जाळे सोडवायचे. नुसता स्थितिस्थापक ठोकळा असेल तर हे काम आजच्या घरगुती संगणकालाही जड नाही. अडचण वाढते ती संपर्कामुळे. गोळी आणि काच यांच्यातल्या प्रत्येक जागी दोनच शक्यता असतात: एक तर फट आहे आणि दाब शून्य आहे, किंवा फट शून्य आहे आणि दाब आहे. एकमेकांत घुसायला परवानगी नाही, आणि संपर्क नुसता टेकलेला असल्यामुळे तिथे ओढही असू शकत नाही. कोणत्या गाठी टेकलेल्या आहेत हे आधी माहीत नसते, ते उत्तराबरोबरच शोधावे लागते. काही जण घुसखोरीवर जबर दंड लावणारी काल्पनिक स्प्रिंग बसवतात. ती मऊ ठेवली तर गोळी काचेत शिरते, फार कडक ठेवली तर समीकरणे डळमळतात. दुसरी रीत संपर्कदाबालाच स्वतंत्र अज्ञात मानण्याची आहे. ती अधिक नेटकी आहे, आणि काठाशी असलेला ताण हेच जिथे सगळ्याचे मूळ आहे अशा प्रश्नात मी तिलाच पसंती देईन. याखेरीज एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. भेग पडल्यानंतर तिचे दोन काठही दाबाखाली एकमेकांवर टेकू शकतात, तेव्हा हीच अट भेगेच्या आतही लावावी लागते.

घर्षण हा दुय्यम तपशील समजून वगळण्याचा मोह होतो, पण संपर्कभंगात, म्हणजे अशा संपर्कामुळे पडणाऱ्या तड्यांच्या प्रश्नात, तो महागात पडतो. भार वाढताना गोळीखालच्या काचेचा पृष्ठभाग केंद्राकडे सरकू पाहतो. पोलादही तसेच करते, पण ते काचेपेक्षा ताठ असल्यामुळे कमी सरकते. साहजिकच घर्षणामुळे पोलाद काचेला मागे धरून ठेवते आणि काठाबाहेरचा ताण थोडा कमी होतो. भार उतरवताना चित्र उलटते. काच बाहेर पसरू पाहते, पोलाद तिला आत धरते आणि काठाशी ताण वाढतो. म्हणूनच भार वाढवताना शाबूत राहिलेली काच तो उतरवताना तडकू शकते. घर्षण वगळलेल्या प्रतिरूपात ही घटना कधीच दिसणार नाही, मग जाळी कितीही बारीक विणली तरी.

आता खुद्द भेगेकडे येऊ. फायनाइट एलिमेंट पद्धत सलग पदार्थासाठी घडवलेली आहे, आणि भेग म्हणजे सलगपणाच तुटणे. त्यातून भेगेच्या टोकापाशी प्रतिबल, कागदावरच्या गणिताप्रमाणे, अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाऊन अनंताकडे झेपावते. ही अडचण ओलांडण्याच्या अनेक वाटा निघाल्या. सर्वांत जुनी वाट अशी, की जाळी भेगेच्या काठांना जुळवून विणायची, टोकाभोवती खास घटक वापरायचे, मोकळी होणारी ऊर्जा मोजायची, भेग एक पाऊल वाढवायची आणि जाळी पुन्हा विणायची. १९९९ मध्ये टेड बेलिच्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट रूढ केली. तिच्यात जाळी तशीच राहते आणि भेग ज्या घटकांना छेदते त्यांच्या समीकरणांत ‘इथे विस्थापनात उडी आहे’ असे सांगणारी जादा पदे घातली जातात. तिसऱ्या वाटेत घटकांच्या सीमांवर चिकट थर असल्याचे मानतात. तो थर ओढल्यावर आधी प्रतिकार करतो, मग सैल होत होत सुटतो. भेगेची वाट आधी ठाऊक असेल तर ही पद्धत उत्तम, पण ती ठाऊक नसेल तर भेग घटकांच्या सीमांवरूनच चालते आणि जाळीचा आकार उत्तरावर स्वार होतो.

गेल्या दोन दशकांत सर्वांत जास्त काम झाले ते फेज फील्ड पद्धतीवर. तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. फ्रांकफोर आणि मारिगो या संशोधकांनी १९९८ मध्ये ग्रिफिथ यांचा ऊर्जेचा हिशेब असा मांडला, की पदार्थाने एकूण ऊर्जा कमीत कमी होईल अशी विस्थापने आणि अशी भेग एकाच वेळी निवडावी. पुढे ते संगणकाला पेलेल असे करण्यासाठी तीक्ष्ण भेगेऐवजी एक धूसर पट्टा मानला गेला. ठोकळ्याच्या प्रत्येक बिंदूला ० ते १ यांमधला एक आकडा दिलेला असतो. ० म्हणजे शाबूत, १ म्हणजे पूर्ण तुटलेला. हा आकडा जिथे वाढतो तिथे पदार्थाचा ताठपणा घटतो आणि पट्ट्यासाठी भेगेइतकीच ऊर्जा मोजावी लागते. भेग कुठे वळावी, कधी फुटावी, दोन भेगा कधी मिळाव्यात, यासाठी वेगळे नियम लागत नाहीत, कारण ते सगळे ऊर्जेच्या हिशेबातूनच निघते. फक्त एक अट हाताने घालावी लागते: हा आकडा कधी कमी होऊ द्यायचा नाही, कारण काच आपोआप सांधत नाही.

या सुटसुटीतपणात संपर्काच्या प्रश्नासाठी एक सापळा आहे. मूळ रूपात ही पद्धत ताणाची ऊर्जा आणि दाबाची ऊर्जा यांत भेद करत नाही. गोळीच्या खाली सर्वाधिक ऊर्जा साठते ती दाबाची, त्यामुळे प्रतिरूपातली काच आधी तिथेच ‘तुटते’, मऊ होते आणि गोळी लोण्यात रुतावी तशी आत जाते. पडद्यावर रंगीत चित्र सुंदर दिसते, पण प्रत्यक्षात जी जागा शाबूत राहते नेमकी तीच मोडलेली दाखवली जाते. यावर उपाय म्हणून ऊर्जेचे दोन भाग करतात आणि केवळ ताणाच्या भागालाच भेग वाढवू देतात. हे विभाजन करण्याच्या अनेक रीती आहेत आणि प्रत्येकीचे उत्तर थोडे वेगळे येते. म्हणून कोणत्याही संपर्कभंगाच्या सिम्युलेशनबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की दाब आणि ताण वेगळे कसे केले.

दुसरा सापळा पट्ट्याच्या रुंदीचा. ही रुंदी आणि प्रतिरूपातल्या पदार्थाची ताकद एकमेकांना बांधलेल्या असतात. प्रचलित सूत्रांपैकी एकात काचेची ताकद ६० मेगापास्कल हवी असेल, तर रुंदीचे माप सुमारे ५५ मायक्रोमीटर ठेवावे लागते. पण गोळीच्या काठाशी ताण ओसरतो तोच मुळी ४० मायक्रोमीटरच्या आत! म्हणजे ज्या तीव्र उतारावर सगळे अवलंबून आहे, तो पट्ट्याच्या धूसरपणात विरघळून जातो. रुंदी १० मायक्रोमीटरवर आणावी तर प्रतिरूपातल्या काचेची ताकद १४० मेगापास्कलच्या आसपास चढते. पृष्ठभागावरच्या चिरा मग मुद्दाम, एकेक करून घालाव्या लागतात. मला हीच वाट अधिक प्रामाणिक वाटते, कारण खऱ्या काचेतही भेग एखाद्या चिरेतूनच सुरू होते.

खर्चाचा अंदाज घेऊ. १० मायक्रोमीटरचा पट्टा नीट उमटायला घटक ५ मायक्रोमीटरचे हवेत. १० मिलिमीटर बाजूचा ठोकळा अशा घटकांनी एकसारखा भरला तर ते ८०० कोटी होतात. शंकूभेग अक्षाभोवती सममित आहे असे मानून फक्त अर्धा उभा छेद सोडवला तर हाच आकडा २० लाखांवर येतो, आणि भेगेजवळच जाळी बारीक ठेवली तर त्याहून खूप कमी. म्हणून बहुतेक अभ्यास हा छेदच सोडवतात. मात्र त्यात एक गोष्ट हातची जाते. खऱ्या काचेत वर्तुळ एकदम उमटत नाही. काठाजवळच्या एखाद्या चिरेतून भेग सुरू होते आणि दोन्ही बाजूंनी धावत जाऊन कडे पूर्ण करते. हे पाहायचे असेल तर तिन्ही मिती घ्याव्याच लागतात.

तो ‘टक्’ आवाजही गणिताला त्रास देतो. भार कणाकणाने वाढवत असताना एका पावलात भेग शून्यातून थेट पूर्ण शंकूपर्यंत उडी घेते, आणि समीकरणे सोडवणारी पुनरावृत्ती, जी एरवी थोड्या फेऱ्यांत स्थिरावते, तिला त्या एका पावलात शेकडो फेऱ्या लागू शकतात. या उडीच्या आतले चित्र हवे असेल तर जडत्व धरून गतिक गणित करावे लागते. काचेत ध्वनीच्या अनुतरंगांचा (ज्यांत कण लहरीच्या दिशेनेच पुढेमागे हलतात) वेग सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर असतो. ५ मायक्रोमीटरचा घटक तो नॅनोसेकंदाच्या आत ओलांडतो, आणि काळाचे पाऊल त्याहून मोठे ठेवता येत नाही. एका सेकंदाचा सावकाश भार अशा पावलांनी चालायचा तर शंभर कोटींहून अधिक पावले लागतील. म्हणून भार वाढवण्याचा भाग स्थितिक गणिताने करून फक्त उडी गतिक गणिताकडे सोपवणे शहाणपणाचे ठरते.

आता कोनाकडे वळू, कारण सुरुवातीला सांगितलेल्या मुद्द्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा तिथे मिळतो. अभंग काचेतल्या प्रतिबलांच्या रेषांवरून वाट आखली, तर शंकूची बाजू पृष्ठभागाशी सुमारे ३३ अंशांचा कोन करायला हवी. प्रत्यक्ष सामान्य काचेत हा कोन २२ अंशांच्या आसपास मोजला जातो. फरक मोठा होता आणि बराच काळ तो नीट उलगडत नव्हता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात भेग अगदी लहान लहान पावलांनी वाढवली गेली. प्रत्येक पावलाला वेगवेगळ्या दिशा तपासून जिथे सर्वाधिक ऊर्जा मोकळी होते ती दिशा निवडली आणि प्रत्येक पावलानंतर प्रतिबले नव्याने काढली. भेग आधी पृष्ठभागाला लंब अशी थोडी खाली उतरली, मग बाहेर वळली आणि २२ अंशांशी जुळणाऱ्या कोनात स्थिरावली. त्यासाठी एकही नवा भौतिक नियम लागला नाही. भेगेने स्वतः बदललेली प्रतिबले हिशेबात धरली, एवढेच.

अशा प्रतिरूपावर विश्वास ठेवण्यापूर्वी मी त्याला आणखी दोन कसोट्या लावतो. पहिली फेलिक्स आउअरबाख यांनी १८९१ मध्ये प्रयोगातून दाखवलेली: लहान गोळ्यांच्या बाबतीत भेग पाडणारा भार गोळीच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. ‘ताणाची मर्यादा’ हा नियम धरला तर तो त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात यायला हवा. दुप्पट गोळीला दुप्पट भार लागतो की चौपट, एवढ्या एका प्रश्नावर प्रतिरूप ऊर्जेचा हिशेब पाळते की नाही ते उघडे पडते. दुसरी कसोटी पूर्ण वाढलेल्या शंकूची आहे. त्याच्या तळाच्या त्रिज्येचा घन भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून भार आठपट केला तर तळ चौपट रुंद व्हायला हवा. शंकू थांबतो तोही याचमुळे, कारण तळ पसरावा तशी प्रत्येक नव्या पावलाला मिळणारी ऊर्जा घटत जाते.

काचेच्या बाबतीत हवेतल्या ओलाव्याचाही विचार करावा लागतो. भेगेच्या टोकाशी पोहोचलेले पाण्याचे रेणू सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे ताणलेले बंध तोडायला मदत करतात, त्यामुळे ऊर्जा पुरेशी नसतानाही भेग सावकाश सरकत राहते. भार तोच ठेवून नुसते थांबलो तरी काही वेळाने तडा पडू शकतो. प्रतिरूपात यासाठी भेगेचा वेग आणि टोकावरचा ताण यांना जोडणारा वेगळा नियम घालतात.

गोळीऐवजी हिऱ्याचे अणकुचीदार टोक वापरले तर सगळे चित्र बदलते. टोकाखालची काच चेपून कायमची आकार बदलते, भार वाढताना तिच्याखाली उभ्या भेगा पडतात, आणि टोक उचलू लागल्यावर, चेपलेला भाग आणि भोवतालची शाबूत काच यांचा मेळ न बसल्यामुळे, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर अशा आडव्या भेगा निघतात. त्या वळून पृष्ठभागाला भिडल्या की कपची उडते. भिंगे आणि सिरॅमिकचे सुटे भाग घासताना पदार्थ निघतो तो बराचसा याच आडव्या भेगांमुळे. म्हणून अशा सिम्युलेशनमध्ये भार कमाल झाला की गणित थांबवून चालत नाही. टोक पूर्ण उचलले जाऊन काचेवरचा शेवटचा संपर्क सुटेपर्यंत ते पावलापावलाने पुढे न्यावे लागते.